झाड ओळखा, किडा सापडेल : परसबागेतल्या रंगीत कीटकांची मॅक्रो फोटोग्राफी

श्रावणात आमच्या गच्चीवरच्या पानफुटीची पानं आतून पोखरलेली दिसू लागली. जाड पानांच्या आत फिकट पोकळ्या, त्यांत विष्ठेचे काळे कण. शेजारच्या काकूंनी ‘औषध मारा’ असं सुचवलं. मी मारलं नाही, कारण पानफुटीचं पान आतून खाणारी अळी कुणाची हे मला ठाऊक होतं. काही दिवसांनी कुंडीच्या काठाखाली कोष लागले आणि एका सकाळी त्यातून रेड पिअरो फुलपाखरू बाहेर आलं. वरून काळं, मागच्या पंखांवर रसरशीत केशरी पट्टा, खालून पांढऱ्यावर काळे ठिपके. पंख वाळेपर्यंत ते एकाच जागी बसून होतं आणि तेवढ्या वेळात मी त्याचे मनासारखे फोटो काढले.

मॅक्रो, म्हणजे लहान गोष्टी खूप जवळून मोठ्या टिपणं, शिकायला येणारा पहिला प्रश्न विचारतो तो लेन्सचा. मी त्याला आधी झाडांबद्दल विचारतो. कीटक शोधत फिरणाऱ्याला ते उडताना दिसतात. कुठल्या झाडावर कोण राहतं हे माहीत असलेल्याला ते बसलेले सापडतात. म्हणून हा लेखही झाडांपासूनच सुरू करतो.

पहिली पायरी : कोणत्या झाडावर कोण

मोठी बाग लागत नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या असल्या तरी काम सुरू होतं.

पानफुटीचं वर आलंच. लिंबू आणि कढीपत्ता या दोन झाडांवर काळ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या सापडतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला धक्का लागला तर डोक्यामागून लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदा सहज दिसलं तर जरूर टिपा, पण त्या फोटोसाठी तिला पुन्हा पुन्हा डिवचू नका. तिची ताकद त्यात खर्च होते.

तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची मधमाशी येते. पोटावर चमकदार निळे आडवे पट्टे, डोळे हिरवट. दिवसा ती एका मंजिरीवर क्षणभरही टिकत नाही. पण संध्याकाळी याच जातीचे नर एखादी वाळकी काडी जबड्याने घट्ट धरून झोपी जातात, कधी एकाच काडीवर ओळीने. संध्याकाळी ती काडी हेरून ठेवा आणि उजाडायच्या आत तिथे जा.

जास्वंद आणि भेंडीवर लाल ढेकूण असतात, लाल अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेले. जोडी जमली की दोघं एकमेकांकडे पाठ करून जोडलेले राहतात आणि तसेच चालतात. नवशिक्यांसाठी हा उत्तम विषय आहे. रंग भडक, चाल संथ आणि हे पटकन उडून जात नाहीत.

रुईचं झाड बहुतेक लोक कुंपणातून उपटून टाकतात. ते ठेवा. पिवळाधमक मावा आणि त्याच्यावर ताव मारणारे ढालकिडे (लेडीबर्ड), प्लेन टायगर फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या, आणि निळ्या-पिवळ्या रंगाचा रुईवरचा नाकतोडा, एवढा मोठा संसार या एका झाडावर चालतो. नाकतोड्याच्या पिल्लांना हात लावला तर ती अंगातून त्रासदायक द्रव उडवतात, म्हणून डोळे जपा. रुईचा चीकही डोळ्यांत जाता कामा नये.

कण्हेर आणि तगर लावलेली असेल तर पानांची मागची बाजू बघत जा. तिथे हिरवी, जाडजूड, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली पतंगाची अळी मिळते. कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराचा कोषही लटकलेला असतो. तो आरशासारखा चकाकतो. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

गारवेल किंवा शेताच्या बांधावरचं बेशरम दिसलं तर पानांना गोल भोकं पडली आहेत का ते पाहा. असली तर कासवभुंगा जवळच असतो. मोगली एरंडाच्या फळांच्या घोसांवर हिरवे-निळे चमकणारे रत्नढेकूण जमतात. त्यांना लोक भुंगे म्हणतात, पण भुंग्याच्या पाठीवर मधोमध पंखांची सरळ रेघ असते. रत्नढेकणाची पाठ म्हणजे एकसंध ढाल, तिला रेघ नाही.

आणखी एक सोपी गोष्ट. शेपू, कोथिंबीर आणि बडीशेप यांतलं थोडं तरी न काढता फुलू द्या. त्यांच्या छत्रीसारख्या फुलांवर सिरफिड माश्या, लहान गांधीलमाश्या, ढालकिडे असे नाना जीव येतात, आणि फूल सपाट असल्यामुळे सगळा कीटक एका पातळीत मिळतो. याचा फायदा फोकसच्या वेळी कळेल.

अर्थात बागेत कीटकनाशक फवारलं तर हे सगळं संपतं. मावा दिसला तर आठवडाभर थांबून बघा, ढालकिडे मागोमाग येतात. त्यांच्या काळ्या-केशरी, सुसरीसारख्या अळ्यांचे फोटो प्रौढ ढालकिड्याच्या फोटोंपेक्षा मला जास्त आवडतात.

वेळ

कीटकांचं शरीर हवेच्या तापमानावर चालतं. थंडीत ते जड होतात. म्हणून सूर्योदयापासून पुढचे दोन तास सर्वांत चांगले. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा चतुर आणि त्यांच्याच नात्यातल्या नाजूक टाचण्या अंगभर दव घेऊन गवताच्या काडीला बसलेल्या असतात. ऊन अंगावर येईपर्यंत त्या हलत नाहीत. कोकणात आणि गोव्यात थंडी कमी, पण तिथे पावसाळ्यातली ढगाळ सकाळ तेच काम करते.

कीटकांची खरी दिवाळी मात्र मृगापासून सुरू होते ती दसऱ्यापर्यंत. पहिल्या सरींनंतर मोकळ्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे दिसतात. त्यांना आठ पाय असतात, म्हणजे शास्त्राने ते कीटक नाहीत, कोळ्यांच्या नात्यातले. पण त्या लालबुंद मखमलीला मॅक्रोच्या भिंगातून एकदा पाहाच.

रात्र विसरू नका. डोक्याला लावायची विजेरी घेऊन आठ-नऊच्या सुमारास त्याच कुंड्यांवरून फिरा. दिवसा हाताला न लागणारे कित्येक जीव पानाखाली निवांत झोपलेले असतात.

भिंग किती, कोणतं

मॅक्रोत एकच आकडा समजून घ्यायचा : किती पट. १:१ म्हणजे कीटक खरा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. बऱ्याच कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते. पाच मिलिमीटरचा ढालकिडा १:१ ला त्या रुंदीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो. २:१ ला गेलात की जवळजवळ निम्मी चौकट भरते. फुलपाखरं, चतुर, नाकतोडे यांना १:२ सुद्धा पुरतं. माव्याला आणि ढालकिड्याच्या अंड्यांना २:१ च्या पुढे जावं लागतं.

तिथे पोचायच्या वाटा अनेक आहेत.

खिशाला परवडत असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्स स्वस्त असतात, पण १:१ ला कीटकाच्या फार जवळ जावं लागतं आणि तो उडतो.

घरात ५५-२५० किंवा ७०-३०० ची झूम लेन्स असेल तर माझा पहिला सल्ला क्लोज-अप भिंगाचा. रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) भिंग चिमट्यासारखं लेन्सच्या तोंडावर बसतं. लेन्स अनंतावर ठेवली तर गणित सोपं आहे : फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर, भागिले हजार. २०० मिलिमीटरला १.६ पट. कीटकापासून अंतर साधारण साडेबारा सेंटिमीटर राहतं आणि ते झूम कमी-जास्त केलं तरी बदलत नाही. सुरुवातीला हे अंतर मोठं वाटतं, मग हाताला त्याची सवय होते. चार-पाच डायॉप्टरचं भिंग घेतलं तर पट कमी, पण अंतर वीस सेंटिमीटरच्या पुढे, म्हणून फुलपाखरांना ते जास्त बरं.

एक्सटेन्शन ट्यूबमध्ये काचच नसते, ती नुसती पोकळ नळी. जितकी नळी, भागिले फोकल लेंग्थ, तितके पट. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की अर्धा पट, ५० ची लावली की एक पट. विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर कॅमेऱ्यावरून उजेड आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे लेन्स उलटी लावणं. दोनेकशे रुपयांच्या घरातली रिव्हर्स रिंग आणि अ‍ॅपर्चरची कडी असलेली जुनी २८ मिलिमीटरची लेन्स मिळाली तर दोन पटींपुढे जाता येतं. उलट्या लेन्समध्ये जितकी फोकल लेंग्थ कमी तितकी पट जास्त.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं झूम आणि क्लोज-अप भिंग यांवरच काढली. त्यात काही अडलं नाही.

उजेड

या लेखातला एकच भाग नीट वाचणार असाल तर हा वाचा. फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा उजेडामुळे.

१:१ ला फोकसमध्ये येणारा पट्टा फार अरुंद असतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/११ ला (हा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) तो एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून अ‍ॅपर्चर लहान करावं लागतं, म्हणजे उजेड कमी. शिवाय लेन्स पुढे सरकल्यामुळेही उजेड कमी होतो : १:१ ला एफ/११ लावलेलं असलं तरी प्रत्यक्ष परिणाम एफ/२२ सारखा होतो. त्यातच पान हलतं, हात हलतो, कीटकाच्या मिशा हलतात. भर उन्हात शटर वेगवान मिळतं, पण सावल्या काळ्याकुट्ट आणि चमक पांढरीफटक. म्हणून फ्लॅश लागतोच, आणि तो मऊ करावा लागतो.

फ्लॅशचा आणखी एक गुण आहे. तो कमी शक्तीवर, १/१६ किंवा १/३२ वर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतकाच टिकतो. फोटो त्या क्षणाचा होतो आणि हाताचा कंप त्यात उमटत नाही. तिपाई मी बागेत नेतच नाही.

आता मऊपणा. प्रकाशाचा उगम कीटकाच्या मानाने जितका मोठा, तितका उजेड मऊ. फ्लॅशचं डोकं चार बोटांचं, पण तेच अर्ध्या मीटरवर असलं तर कीटकाला तो एक बिंदू दिसतो. पंधरा-वीस सेंटिमीटर रुंद पांढरा पडदा कीटकापासून चार बोटांवर आणला तर कीटकाच्या दृष्टीने सगळं आभाळच पांढरं झालं. डिफ्युजर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, करण्यामागे एवढाच विचार आहे.

तो घरी असा करा :

१. वेफर्सचा लांब गोल डबा घ्या, आतून चंदेरी असलेला. फ्लॅशच्या डोक्याच्या मापाने एका टोकाला चौकोनी खाच पाडून डबा डोक्यावर घट्ट बसवा. डबा नसेल तर काळा पुठ्ठा गुंडाळून आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा.

२. डब्याचं पुढचं टोक लेन्सच्या तोंडाच्या थोडं पुढे आणि वर यायला हवं. गरज पडल्यास टोक तिरकं कापा, म्हणजे उजेड खाली वळेल.

३. त्या टोकापुढे ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपरचा पंख्यासारखा कमानदार पडदा लावा. तो लेन्सच्या वरून दोन्ही बाजूंना खाली उतरायला हवा. कडांना पातळ पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली तर आकार टिकतो.

४. दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडून दुसरा पडदा लावा. पॅकिंगमध्ये येणारा पांढरा पातळ फोम इथे छान चालतो. दोन्ही पडदे चिकटून लावले तर फारसा उपयोग नाही, मधल्या मोकळ्या जागेतच उजेड पसरतो.

५. कीटकाच्या खालच्या बाजूला सावली पडत असेल तर पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद पानाखाली धरा.

डिफ्युजर कीटकावर तपासू नका. एक काळा मणी, मंगळसूत्रातला असतो तसला, पानावर ठेवा आणि फोटो काढा. मण्यावर कडक कडेचा पांढरा ठिपका दिसला तर पडदा लहान आहे किंवा मधोमधच उजळतोय. कडेकडे विरत जाणारा मोठा, फिकट डाग दिसला तर काम झालं. कीटकाचा डोळा याच मण्यासारखा वागतो. मी नवीन पडदा केला की आधी अर्धा तास मण्याबरोबर घालवतो.

सेटिंग

कॅमेरा मॅन्युअलवर, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ १०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअल १/१६ पासून सुरू करून कमी-जास्त. मॅक्रो लेन्स किंवा ट्यूब असेल तर एफ/८ ते एफ/११. त्यापुढे गेलात तर वर सांगितलेल्या दुप्पट परिणामामुळे प्रकाश वाकतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. २:१ ला एफ/८ च्या पुढे जाऊ नका. क्लोज-अप भिंगात मात्र लेन्स अनंतावर असते, तिथे ते दुप्पट होणं नाही, म्हणून एफ/१६ बिनधास्त लावा.

लाल विषयांची एक खोड आहे. मृगाचा किडा, लाल ढेकूण यांच्या फोटोत उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजवीकडे आपटलेला असतो आणि मखमलीचे केस सपाट होतात. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पडद्यावर लावा आणि फ्लॅश अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

जवळ जाणं, धरणं, फोकस

कीटकाला हलती सावली आणि धक्का लगेच कळतो. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन आपली सावली त्याच्यावर पाडू नका. उभ्याने झुकण्याऐवजी दोन हातांच्या अंतरावरच खाली बसा आणि तिथून पुढे सरका. दर वेतभर पुढे गेल्यावर थांबा. फांदीला धक्का लागला की ढालकिडा पाय मिटून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. श्वासही त्याच्यावर सोडू नका. मी जवळ गेल्यावर तोंड किंचित बाजूला वळवून श्वास सोडतो.

रत्नढेकूण आणि तुडतुडे तुम्ही दिसलात की काडीच्या पलीकडे सरकतात. तेव्हा कॅमेरा फिरवू नका. काडीच्या मागे आपलं बोट हळूच न्या, तो त्याला टाळून पुन्हा तुमच्या बाजूला येईल. ही युक्ती मला एका नर्सरीतल्या माळीदादांनी दाखवली, त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता.

पकड अशी : डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात कीटक बसलेल्या पानाचा देठ किंवा काडी हलकेच धरा. त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्सचं पुढचं टोक टेकवा. उजव्या हातात कॅमेरा. आता वारा आला तरी पान आणि लेन्स एकत्र हलतात आणि दोघांतलं अंतर तेच राहतं. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल. आठवडाभर जमिनीवर पडलेल्या वाळक्या पानांवर सराव करा, मग जिवंत कीटकाकडे जा.

ऑटोफोकस बंद. आधी लेन्सवर हवी ती पट ठरवा आणि नंतर फोकसच्या कडीला हात लावू नका. सबंध शरीर केसभर पुढे, केसभर मागे झुलवा. डोळा धारदार दिसू लागण्याच्या किंचित आधी शटर दाबा, कारण दाबेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. डोळ्यावर फोकस नसेल तर बाकी काहीही असलं तरी फोटो पुसून टाका. अपवाद एकच : पंखांची नक्षी हाच विषय असलेलं फुलपाखरू.

पट्टा अरुंद आहे, मग तो वाया घालवू नका. पंख मिटलेल्या फुलपाखराच्या, टाचणीच्या किंवा लाल ढेकणाच्या अंगाला सेन्सर समांतर ठेवलात तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं एका पातळीत येतं. शेपूच्या सपाट फुलांचा फायदा म्हटलं तो हाच. उंचीही बघा. वरून घेतलेला फोटो ओळख पटवायला बरा, पण कीटकाच्या डोळ्यांच्या रेषेत खाली उतरलात की तोच किडा भेटायला आल्यासारखा वाटतो.

मागे काय आहे

फ्लॅश आणि लहान अ‍ॅपर्चर यांमुळे मागची जागा काळी होते. रात्रीच्या विषयांना ते शोभतं, दिवसा उदास वाटतं. उपाय साधा : कीटकामागे पाच-सात सेंटिमीटरवर एखादं पान किंवा झेंडूचं फूल येईल असा कोन निवडा, म्हणजे फ्लॅशचा उजेड त्यावरही पडतो. तसं काही नसेल तर एक सुटं पान मागे धरा. खरं आभाळ हवं असेल तर आयएसओ ४०० ते ८०० आणि शटर १/१०० च्या आसपास आणा. मात्र यात हात हलल्याच्या दुहेरी कडा दिसू शकतात, म्हणून टेकू घ्या.

चकाकणारे

रंग दोन प्रकारे येतो. ढालकिड्याचा लाल हा रंगद्रव्याचा, कुठूनही बघा लालच. रत्नढेकणाचा हिरवा, कासवभुंग्याचा सोनेरी आणि क्रोच्या कोषाचा आरसा यांत मात्र अंगावरच्या अतिसूक्ष्म थरांतून प्रकाश परततो आणि रंग दिसतो. तो दिशेवर ठरतो. एका बिंदूतून उजेड आला तर एकच ठिकाण चमकतं आणि बाकी अंग काळपट राहतं. उजेड चहूबाजूंनी आला तर सबंध अंग पेटतं. म्हणून यांच्यासाठी पडदा आणखी जवळ आणा, दोन्ही बाजूंना पांढरे कागद उभे करा आणि फ्लॅशची शक्ती थोडी वाढवा.

कासवभुंग्याचं सोनं जिवंतपणी टिकणारं आहे. अंगाच्या थरांत ओलावा असतो तोवर ते दिसतं. मेलेला भुंगा तपकिरी पडतो. त्याला पकडून डबीत घालून घरी आणण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. पानाखालीच, त्याच्या पारदर्शक कडेतून पानाचा हिरवा दिसेल असा फोटो घ्या.

क्रोच्या कोषात तुम्ही, तुमचा कॅमेरा, मागची भिंत सगळं उमटतं. काळा शर्ट घाला आणि पडद्याच्या मधोमध लेन्सपुरतं भोक ठेवून बाकी सगळी बाजू पांढरी करा. कोष हलत नाही, त्यामुळे इथे घाई नको. माझा एक कोष तीन सकाळी घेऊन झाला तेव्हा कुठे त्यात फक्त आभाळ आणि कण्हेरीची पानं उरली.

एकावर एक फोटो

दहा-बारा फोटो फोकस केसभर पुढे सरकवत घ्यायचे आणि संगणकावर एकत्र करायचे, याला स्टॅकिंग म्हणतात. झोपलेली मधमाशी, कोष, दवात बसलेली टाचणी यांना ते जमतं. डोळ्याच्या पुढच्या टोकापासून सुरू करा, मागे जाताना एकही पायरी सुटू देऊ नका. झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस ही यासाठीची खास सॉफ्टवेअरं, फोटोशॉपमध्येही सोय आहे. चालत्या किड्यावर याचा हट्ट धरू नका.

मोबाईलवर

स्वस्त फोनमधला ‘दोन मेगापिक्सेल मॅक्रो’ कॅमेरा सोडून द्या. त्याऐवजी मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याचं चांगलं भिंग लावा. ज्या फोनच्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे त्यातला मॅक्रो मोड चांगला चालतो, पण तो दोन-तीन सेंटिमीटरवरून काम करतो आणि फोनचीच सावली पडते. सकाळचं तिरपं ऊन आणि बाजूला पांढरा कागद, एवढ्यावर लाल ढेकूण आणि अळ्या सुरेख येतात.

जपायच्या गोष्टी

केसाळ सुरवंटांना हात लावू नका. पावसाळ्याच्या शेवटी जास्वंद, भेंडी, तूर यांच्या फुलांवर केशरी-काळे पट्टे असलेले भुंगेरे येतात. त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड उठतात. फोटोत ते फार देखणे दिसतात, पण काडी बोटांनी धरण्याआधी वर कोण बसलंय ते बघा. गवतात गुडघे टेकण्याआधी काठीने जागा हलवून घ्या. फुरसं हा विषारी साप कोकणातल्या कातळावर वाळक्या पानांच्या रंगाचाच दिसतो.

कीटक फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, गोंदाने चिकटवणं, पंख उपटणं हे प्रकार काही लोक करतात. तसा फोटो पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतो : पाय चुकीच्या कोनात, मिशा लुळ्या. सकाळी दोन तास लवकर उठलात तर हे काहीच करावं लागत नाही.

कॅमेऱ्यालाही जपा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक : आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत कोरडं करून पुन्हा वापरा.

नाव शोधणं

फोटो झाल्यावर तो कोणाचा हे कळायला हवं. एकाच कीटकाचे तीन फोटो घ्या : वरून, बाजूने आणि झाडाच्या पानासकट. फुलपाखराचा पंख मिटलेला फोटो उघड्या पंखांइतकाच महत्त्वाचा, कारण बऱ्याच जाती खालच्या बाजूवरूनच वेगळ्या करता येतात. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकलात तर जाणकार नाव सुचवतात. पण तिथेही पहिला प्रश्न येतो, कोणत्या झाडावर होता?

म्हणून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर झाड, उजव्या पानावर कोण, कधी, किती वाजता. पानफुटीसमोर ‘रेड पिअरो, श्रावण, सकाळी सातच्या आत’. तुळशीसमोर ‘काडी, पायरीजवळची, निळ्या पट्ट्यांचे सहा नर’. रुईसमोरच्या नोंदींनी दोन पानं भरली. शेपूसमोरची जागा अजून रिकामी आहे. बी मी परवाच वाफ्यात टाकलंय.